६४ कोरवर सिम्युलेशन १६ कोरपेक्षा हळू काऊन चालते?

मिरचीवाली:
माझं एम.टेक.चं काम सोलर ड्रायरवर आहे. आमच्या भिवापूर भागात मिरची उघड्यावरच वाळवतात. तेवढ्यात आभाळ आलं की बुरशी धरते, रंग जातो अन् भाव पडतो. चिमणी किती उंच ठेवली तर सगळ्या ट्रेमधून हवा सारखी खेळेल, हे मी ओपनफोममध्ये (हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) पाहते आहे. चार उंच्या तपासायच्या आहेत, ग्रिड ६ लाख सेलचं, म्हणजे ड्रायरमधल्या जागेचे गणितासाठी पाडलेले तेवढे बारीक तुकडे. कॉलेजच्या क्लस्टरवर (एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर) १६ कोर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) घेतले तर बरं चालतं, ६४ घेतले तर उलट जास्त वेळ लागतो. शिवाय सध्या मी गावी आहे. एसएसएचने (नेटवरून दूरच्या मशीनवर) लॉगिन करून रन लावते; इकडे लाईन गेली की राउटर बंद, अन् तिकडचा रनही मरतो. गाईड म्हणतात, मोठ्या मशीनसाठी अर्ज करू. करावा का?

वऱ्हाडी_कोर:
ताई, एका नोडला, म्हणजे क्लस्टरमधल्या एका कॉम्प्युटरला, कोर किती? नोडच्या मध्ये इन्फिनिबँड (खूप वेगवान जोडणी) आहे की साधं लॅन?

मिरचीवाली:
१६. साधं गिगाबिट लॅन आहे.

वऱ्हाडी_कोर:
मग अडतं ते तिथंच. ६ लाखांचे ६४ तुकडे म्हणजे एका कोरला जेमतेम ९,४०० सेल. गणित चुटकीसरशी होते, पण तुकड्यांच्या कडांवरचे आकडे शेजाऱ्यांना सारखे पाठवावे लागतात. १६ कोर एकाच नोडमध्ये असले की हे मेमरीतून होते. ६४ ला ते चार नोडमध्ये वायरवरून जाते. हवेचा दाब काढणारा प्रेशर सॉल्व्हर तर गणिताच्या दर फेरीला (इटरेशनला) सगळ्या कोरची बेरीज मागतो, तोवर सगळे थांबून.
तुमच्या उंच्या चार, नोडही चार! एकेका नोडवर एकेक उंची लावा, स्लर्ममध्ये (क्लस्टरवर कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर) अ‍ॅरे जॉब म्हणून, म्हणजे एकसारखी कामं एकदम. स्लर्मच्या एसबॅच कमांडने दिलेला जॉब तुमची लाईन गेली तरी चालूच राहतो.

जुना_मास्तर:
अगदी बरोबर. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर, त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा भारतीय सुपरकॉम्प्युटर झाला. तोही छोटे ट्रान्सप्युटर (जोडणीसाठीच बनवलेले प्रोसेसर) एकमेकांना जोडूनच. खरी कसोटी जोडणीचीच असते.
पण बेटा, अर्जाचा विचार सोडू नको. ग्रिड बदलल्यावर उत्तर बदलत नाही, हे परीक्षक विचारणारच. तिन्ही दिशांनी दुप्पट बारीक केलंस की ४८ लाख सेल होतील, अन् टाइमस्टेपही (गणितातलं वेळेचं एक पाऊल) निम्मी करावी लागेल, म्हणजे काम साधारण सोळापट. तेव्हा मोठी मशीन लागेल. अर्जासोबत ४, ८, १६, ३२, ६४ कोरवरच्या वेळा जोड. ६४ ची वाईट वेळ लपवू नकोस, इन्फिनिबँड काऊन पाहिजे ते तिच्यावरूनच पटते.