तुमचं वर्ष कोणतं, पिच्चर लागला ते की तुम्ही पाहिला ते?

जुनी_बर्डी

लोकहो, लय दिवसांपासून मनात होतं, आज लिहूनच टाकतो. २००३ पासून माझ्याकडे एक वही आहे, दोनशे पानी, वर आईच्या अक्षरात 'किराणा' लिहिलंय कारण पहिली चार पानं तिनं वापरली आणि सोडून दिली. पाचव्या पानापासून माझे पिच्चर. दर वर्षी एक पान, एका पानावर एकच नाव. ३१ डिसेंबरला जेवणं झाली की बसतो, वर्षभरात थेटरात जेवढं पाहिलं त्यातलं सगळ्यात जवळचं एक लिहितो, खाली तिकीट चिकटवतो. नियम दोनच. मी ज्या वर्षी पाहिला ते त्याचं वर्ष, पोस्टरवर काही का असेना. आणि एकदा पेननं लिहिलं की खोडायचं नाही, पुढे अक्कल आली तरी.

भांडण कुठून निघालं ते सांगतो. आम्ही ऑफिसचे सहा जण रविवारी तर्री पोहे खायला भेटतो, तिथं वही नेली होती. एक जण पानं चाळून म्हणे, तुझं २०१० चुकलं बे. त्या पानावर 'थ्री इडियट्स' आहे आणि तो लागला २५ डिसेंबर २००९ ला. मान्य आहे ना. पण पहिले दोन आठवडे मला तिकीटच भेटलं नाही, मी पाहिला १० जानेवारीला, रविवारी, तिसऱ्या रांगेत मान वर करकरून. मग ३१ तारखेच्या रात्री काय न पाहिलेल्या पिच्चरचं नाव लिहू? २००९ च्या पानावर 'गाभ्रीचा पाऊस' आहे आणि तो तिथून हलणार नाही.

तसा हा लोच्या आपल्या हिरानीनंच करून ठेवलाय. नागपूरचा माणूस, पण पिच्चर आणतो वर्ष संपता संपता. मुन्नाभाई १९ डिसेंबर २००३, थ्री इडियट्सचं सांगितलंच, पीके १९ डिसेंबर २०१४, डंकी २१ डिसेंबर २०२३. सहापैकी चार डिसेंबरात. डंकीनं वहीला काही त्रास दिला नाही, ते सोडा.

बाकी पानं अशी: २००४ श्वास, २००५ डोंबिवली फास्ट, २००६ लगे रहो, २००८ वळू, २०१४ फँड्री, २०१६ सैराट (दुसरं काय असणार), २०१८ नाळ, २०२२ मी वसंतराव. २०२० ला जानेवारी-फेब्रुवारीत दोन पाहिले, दोन्ही टुकार, मार्चात थेटरं बंद झाली, त्या पानावर नुसती एक आडवी रेघ आहे.

तुम्ही कसं धरता?

रिलीज_डेट

भाऊ, वही छान आहे, जपून ठेवा, पण तुम्ही जे करून राहिले ते म्हणजे डायरी झाली. '२०१० चा माझा आवडता पिच्चर' म्हटलं की समोरच्याला वाटणार २०१० मध्ये आलेल्यातला आवडता. आज मी 'प्यासा' पाहिला तर तो काय माझा या वर्षीचा पिच्चर? १९५७ चा आहे तो. वर्ष पिच्चरचं असतं, पाहणाऱ्याचं नाही. प्रत्येकानं आपापलं कॅलेंडर काढलं तर दोन माणसं एका वर्षावर बोलूच शकणार नाहीत, तुम्ही थ्री इडियट्स घेऊन बसणार आणि मी नटरंग घेऊन.

आणि १० जानेवारी कशावरून? तिकीट दाखवा.

जुनी_बर्डी

तिकीट आहे, पण त्याच्यावर काही नाही 😀 ही वेगळीच रड आहे. २००३-०४ ची टॉकीजची तिकिटं आहेत न, पातळ गुलाबी कागद, सीट नंबर डोअरकीपरनं बॉलपेननं घातलेला, ती आजही कडक वाचता येतात. मल्टिप्लेक्सची तिकिटं त्या गुळगुळीत कागदाची, मशीनमधून निघणारी, दोन-तीन वर्षांत पांढरी फटक. २०१० च्या पानावर एक कोरा चिटोरा चिकटलेला आहे. त्याच्या बाजूला मी त्या रात्री पेननं तारीख लिहिली म्हणून कळतं, नाहीतर वाटेल दुधाच्या बिलाची पावती आहे.

निवृत्त_खजांची

मी या वादात वयानं सगळ्यात मोठा असेन, म्हणून दोन शब्द. आमच्या तरुणपणी रिलीज डेट ही मुंबईवाल्यांची चैन होती. आपलं सीपी-बेरार सर्किट, म्हणजे पिच्चर वाटपाचा आपल्याकडचा इलाखा, वितरकांची ऑफिसं अमरावतीला, प्रिंटा मोजक्या. मुंबईत पिच्चर लागला की पेपरात जाहिरात बघायची आणि वाट पाहायची. पत्र्याच्या डब्यातून रिळं यायची. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालवायचे, इथलं रीळ संपलं की पोरगा सायकलवर डबा घेऊन तिकडं पळायचा, आणि सायकल पंक्चर झाली की तिकडचं पब्लिक शिट्या मारत बसायचं. तालुक्याच्या गावाला तर त्याहून उशीर, टुरिंग टॉकीजवाला आणेल तेव्हा. आता यात पिच्चरचं वर्ष कोणतं धरायचं? आम्ही सरळ 'बहिणीच्या लग्नाच्या वर्षी पाहिला' असं सांगत असू आणि समोरच्याला समजत असे.

तेव्हा पहिल्या नियमाला माझी सही. वही मात्र आमच्यापैकी कोणी ठेवली नाही, पैसे तिकिटालाच पुरत नसत.

मनीषनगरची_मावशी

मला पहिल्या नियमाशी देणंघेणं नाही, माझं भांडण दुसऱ्याशी आहे. खोडायचं नाही म्हणजे काय? माणूस बदलतो ना भाऊ. २०१६ ला सैराट मी तीनदा पाहिला, झिंगाटला पुढच्या रांगेत बायका पदर खोचून नाचल्या आणि त्यात मी पण होते, लाज कसली. तेव्हा मला आर्ची म्हणजे मी वाटायची. आता माझी पोरगी सोळाची आहे, स्कुटीवर क्लासला जाते, आणि तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला की डोळ्यासमोर पिच्चरचा शेवट येतो, तो बाळाच्या पायांचा सीन. मागच्या दिवाळीत टीव्हीवर लागला तर मी इंटरवलनंतर उठून भांडी घासायला गेले. पिच्चर वाईट झाला असं नाही, उलट मोठाच झाला, पण 'आवडता' म्हणवत नाही आता. माझ्या यादीत २०१६ चं नाव मी बदललं, काय ठेवलं ते सांगणार नाही, तुम्ही हसाल.

तुमची वही म्हणजे जुन्या तुमची वही आहे. आजच्या तुम्हाला त्यात जागाच नाही.

जुनी_बर्डी

मावशी, तेच तर पाहिजे आहे ना मला. २००५ मध्ये सव्वीस वर्षांचा, नोकरीवर चिडलेला मी डोंबिवली फास्ट पाहून बॅट शोधत होतो. आज तो माणूस मला मूर्ख वाटतो, पण त्याचं पान मी कसं काय खोडू, तो येऊन विचारणार थोडीच आहे.

पुण्यातला_नागपूरकर

इथे मला एक मूलभूत अडचण दिसते. 'थेटरात पाहिलेलाच' ही अट लहान चित्रपटांवर अन्याय करणारी आहे. 'कोर्ट' या यादीत कुठे आहे? व्हेनिसला २०१४ मध्ये दोन पुरस्कार, सुवर्णकमळ, मग ऑस्करसाठी भारताची एन्ट्री, आणि तुमच्या २०१५ च्या पानाचा उल्लेखही नाही. चांगला चित्रपट तुमच्या गावात तीन दिवस लागून गेला तर तो तुमच्या लेखी बनलाच नाही का?

तर्री_जास्त

अबे तू पुण्याला जाऊन 'चित्रपट' म्हणायला लागला काय 😂 इथं होता तेव्हा पिच्चरच म्हणे. आणि 'तुमच्या गावात' काहून म्हणून राहिला, तुझी आई अजून प्रतापनगरलाच राहते.

जुनी_बर्डी

कोर्टचं दुखणं काढलं तुम्ही. गेलो होतो पाहायला, एप्रिल २०१५, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस टेम्परेचर, दुपारचा शो. मी, एक काळा कोटवाला (खरंच वकील होता, सुट्टीच्या दिवशी पण कोर्टच), आणि कॉलेजची दोन पोरं. चौघं. मॅनेजर बाहेर येऊन म्हणे सर, चार लोकांसाठी एसी चालवता येत नाही, पैसे परत घ्या. पुढच्या शुक्रवारी पिच्चर उतरला. नंतर लॅपटॉपवर पाहिला, लय भारी आहे, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत पाहिलेला पिच्चर वहीत कसा जाईल. अन्याय आहेच, पण मी केला नाही तो.

आणि रिलीज_डेट भाऊ, बरं झालं कोर्ट निघाला. त्याचं राष्ट्रीय पारितोषिक २०१४ चं, थेटरात लागला १७ एप्रिल २०१५ ला. नटरंग तुम्हीच काढला, तो लागला १ जानेवारी २०१० ला आणि पारितोषिक २००९ चं. श्वास थेटरात २००४, सुवर्णकमळ २००३ चं. सांगा आता, वर्ष पिच्चरचं असतं म्हणता, कोणतं?

रिलीज_डेट

हे सोपं आहे. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉरच्या सर्टिफिकेटच्या तारखेवर चालतात, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो. ते सरकारी वर्ष झालं. आपण प्रेक्षक आहोत, तिकीट विकायला लागले तो दिवस धरायचा. यात गोंधळ काहीच नाही.

रात्रपाळी_बुटीबोरी

गोंधळ मी देतो न. तुंबाड. लागला १२ ऑक्टोबर २०१८ ला, तेव्हा माझी नाइट शिफ्ट सुरू होती, पिच्चर आला न गेला पत्ता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पाच जण गाडी करून गेलो, हाउसफुल्ल, पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त कमाई झाली त्याची. म्हणजे जास्त पब्लिकनं २०२४ ला पाहिला. तिकीट विकायला लागले तो दिवस म्हणता तर दोनदा लागले भाऊ. माझ्यासाठी तो २०२४ चाच, त्या वर्षी त्याच्यासमोर काही टिकलं नाही.

आणि वहीवाले भाऊ, तुम्ही २०१८ ला नाळ लिहिलं, तुंबाड पाहिला नव्हता काय?

जुनी_बर्डी

पाहिला होता, पहिल्याच आठवड्यात, अख्ख्या हॉलमध्ये तेरा डोकी. सगळं ओलं, घरी येऊन टॉवेल घ्यावा वाटला एवढा पाऊस. पिच्चर म्हणून तुंबाड मोठा आहे, मी वाद घालत नाही. २०१८ हे वर्षच तसं होतं, ऑक्टोबरात अंधाधुन, तुंबाड, नोव्हेंबरात घाणेकर, मग नाळ, पगार पुरेना.

पण नाळचं सांगतो. आपली बोली पिच्चरमध्ये कोणाच्या तोंडी असते? चपराशी, नाहीतर हसवायला ठेवलेला गावठी मामा. 'काहून बे' म्हटलं की मुंबई-पुण्याचं पब्लिक हसलं, काम झालं. नाळमध्ये तो चैत्या आईशी बोलतो, रुसतो, 'जाऊ दे नं वं' म्हणतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही, ते नुसतं पोरगं आहे. माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं एवढ्या वर्षांत थेटरात एकदाही काही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी हळूच म्हणे, 'असाच बोले तू.' मी आता धड तसं बोलत पण नाही, ऑफिसात मिटिंगमध्ये 'म्हणजे कसं आहे ना' करत बसतो. तर ३१ डिसेंबरला दुसरं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता.

रिलीज_डेट

मग हे पिच्चरचं मूल्यमापन नाही झालं, आईचं झालं.

मनीषनगरची_मावशी

बरं मग? 🙄

तर्री_जास्त

ते सगळं राहू द्या. मी वरून पुन्हा वाचलं. २०२२ ला मी वसंतराव?? आणि झुंड? अबे आपल्या नागपूरचा पिच्चर, आपल्या हिस्लॉप कॉलेजचे फुटबॉलवाले बारसे सर, झोपडपट्टीतली आपली पोरं, खुद्द बच्चन इथं येऊन शूटिंग करून गेला, नागराजचा पिच्चर, आणि तू नागपूरकर असून त्याला पान नाही दिलं? तुझी वही जप्त करायला पाहिजे.

जुनी_बर्डी

वसंतराव काय लंडनचे होते? नागपुरातच वाढले ते, सिव्हिल लाइन्सला त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं तू भाचीच्या डान्सला गेला होता, फोटो टाकला होता.

झुंड ४ मार्चला पाहिला, पहिला दिवस, गल्ल्या ओळखीच्या निघाल्या की लोक ओरडत होते. पहिला अर्धा भाग जबरदस्त. नंतर थोडा लांबला असं मला वाटलं. महिन्याभरानं, १ एप्रिलला मी वसंतराव आला. मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत गाणारा माणूस. मी पण दिवसभर व्हाउचरच पाहतो. अजून काय सांगू. पण खोटं नाही बोलत, त्या ३१ ला पेन हातात घेऊन अर्धा तास बसलो होतो.

निवृत्त_खजांची

व्हाउचरवाल्यांसाठी तो पिच्चर जरा जास्तच लागतो, अनुभवानं सांगतो. पण झुंडला पान नाही हे मलाही खटकलं. नागपूर पडद्यावर इतकं नागपूरसारखं मी आधी पाहिलं नव्हतं.

पुण्यातला_नागपूरकर

एक तांत्रिक मुद्दा मांडू का? 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो जाहीर झाला जुलै २०२२ मध्ये, पण होता २०२० सालचा.

तर्री_जास्त

थांब थांब थांब. म्हणजे सरकारी हिशोबानं तो पिच्चर २०२० चा?? आणि भाऊचं २०२० चं पान रिकामं!! वसंतराव तिकडं टाक, २०२२ ला झुंड लिही, विषय कट!

रिलीज_डेट

अजिबात नाही. पिच्चर १ एप्रिल २०२२ लाच लागला. त्याच्या स्वतःच्याच पहिल्या नियमात बसत नाही हे.

रात्रपाळी_बुटीबोरी

पहिल्यांदा रिलीज_डेट भाऊ आणि वहीवाले भाऊ एका बाजूला आले 😂

जुनी_बर्डी

तुम्ही झोप उडवली राव, रात्री साडेअकराला वही काढून बसलोय. नाही होत. २०२२ पेननं लिहिलंय, आणि २०२० चं पान रिकामं नाही, रेघ मारलेली आहे. रेघ म्हणजे पण लिहिलेलंच. खोडता येत नाही.

मनीषनगरची_मावशी

रेघ पेननं आहे का पेन्सिलनं?

जुनी_बर्डी

पेन्सिलनं.