मदत हवी आहे: ऑर्गनॉइडच्या फोटोंवरचं एआय मॉडेल नव्या बॅचवर साफ चुकतंय

रेणुका_गंगापूररोड:
एमएस्सी बायोटेकचा शेवटचा प्रोजेक्ट. पुण्याच्या एका लॅबकडून आतड्याच्या कॅन्सरच्या ऑर्गनॉइडचे फोटो मिळालेत. औषध दिल्यावर कोणतं मेलं, कोणतं जगलं, ते मॉडेलने ओळखायचं. टेस्टमध्ये ९७ टक्के येत होतं. आता नवी बॅच आली, तिच्यावर ५५. कोड तोच आहे. सोमवारी गाईडना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

जेलरोडकर:
ग्राफिक्स कार्ड कुठलं? गूगलच्या फुकटच्या कोलॅबवर असली कामं होत नाहीत. चांगलं मशीन घ्या, मोठं मॉडेल चालवा.

लॅबवाला:
कार्डाचा इथे काय संबंध? रेणुका, फोटो ब्राइटफील्ड (साध्या उजेडातले) की फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगातले)? एका वेलचा (प्लेटमधल्या खळग्याचा) एकच फोटो की झेड-स्टॅक, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरच्या थरांचे फोटो? ट्रेन (शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) फोटो कसे वेगळे केलेस?

पंचवटीकर:
ऑर्गनॉइड म्हणजे काय? माझ्या मेव्हण्याचं लिव्हर खराब झालंय. लॅबमध्ये तयार केलेलं बसवतात का? नाशिकमध्ये कुठे होतं?

लॅबवाला:
दादा, अजून तसं होत नाही. ऑर्गनॉइड म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेला बारीकसा गोळा. अवयवाची थोडीफार रचना त्यात येते, पण रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे फार मोठा झाला की मधल्या पेशी मरतात. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्याच्या एकेका मूलपेशीपासून असे गोळे वाढवले, तिथून हे काम फोफावलं. सध्या मुख्य उपयोग औषधं तपासायला आणि आजार समजून घ्यायला. मेव्हण्यांच्या डॉक्टरांना प्रत्यारोपणाच्या नोंदणीबद्दल विचारा, ती रुग्णालयामार्फत होते.

सत्यजित_सिडको:
एवढाच उपयोग नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात मेंदूचं ऑर्गनॉइड इलेक्ट्रोडवर ठेवून त्याच्याकडून माणसांचे आवाज ओळखून घेतले. खरं भविष्य तिकडे आहे.

लॅबवाला:
तिथे ऑर्गनॉइडच संगणकाचं काम करतंय. इथे संगणक ऑर्गनॉइडकडे बघतोय. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

रेणुका_गंगापूररोड:
ब्राइटफील्ड. झेड-स्टॅकच असतो ना, गोळे ज्या जेलीत वाढवतात त्या मॅट्रिजेलमध्ये काही गोळे वर असतात, काही खाली. प्रत्येक थर वेगळा फोटो म्हणून घेतला, त्यामुळे डेटा भरपूर झाला. सगळे मिसळून ८० टक्के ट्रेनला, २० टक्के टेस्टला.

निफाडकर:
मी द्राक्षवाला, बायोटेकमधलं कळत नाही. पण आमच्या गटात पानाच्या फोटोवरून डाऊनी आणि भुरी हे रोग ओळखणारं अ‍ॅप आलं होतं. ज्या प्लॉटचे फोटो त्याला शिकवले तिथे बिनचूक. शेजारच्या बागेत नेलं तर पानावरच्या धुळीलाही भुरी म्हणायचं. मग त्या पोरांनी अख्खे प्लॉट बाजूला ठेवून तपासणी सुरू केली. ताई, तुमचंही तसंच काहीतरी दिसतंय.

लॅबवाला:
निफाडकरांनी अचूक पकडलं! एकाच गोळ्याचा पाचवा थर ट्रेनमध्ये आणि सहावा टेस्टमध्ये गेला, म्हणजे मॉडेलने तो गोळा आधीच पाहिलेला. ९७ वर विसंबू नकोस. विभागणी पेशंटनुसार कर. पेशंट किती आहेत? नव्या बॅचला मायक्रोस्कोप तोच होता का? मॅट्रिजेलचा लॉट? ते उंदराच्या ट्यूमरपासून काढतात, लॉटगणिक थोडं बदलतं.

मृणाल_कॉलेजरोड:
आधी सेलपोज या सॉफ्टवेअरने फोटोतला प्रत्येक गोळा वेगळा कापून घे, नाहीतर मॉडेल बुडबुडे आणि मागचा उजेडच शिकतं. नव्या बॅचचे थोडे फोटो हाताने दुरुस्त करून ट्रेनमध्ये घाल, आकडा वर येईल.

लॅबवाला:
कापून घेणं योग्य. पण नवी बॅच ट्रेनमध्ये घातली तर तपासायला काय उरलं? २०२३ पासून आपल्याकडच्या औषध-चाचणीच्या नियमांतही ऑर्गनॉइडला जागा मिळाली आहे. उद्या कुणी या आकड्यावर औषध निवडेल.

मृणाल_कॉलेजरोड:
सोमवारपर्यंत तिला चालणारं मॉडेल हवंय, नियमावली नकोय.

रेणुका_गंगापूररोड:
जुन्या बॅचमध्ये तीन पेशंट, नव्यात चौथा. मायक्रोस्कोपचं विचारते. नव्या बॅचच्या दोन प्लेट आहेत, एक शिकवायला आणि एक तपासायला चालेल?

लॅबवाला:
दोन्ही प्लेट एकाच पेशंटच्या, म्हणजे नवा पेशंट जमतो का ते त्यातून कळणार नाही. आधीच्या तिघांपैकी एकेकाला बाहेर ठेवून तीनदा चालव, तिन्ही आकडे वेगवेगळे लिही. चौथ्याला शेवटपर्यंत हात लावू नकोस. आणि एका गोळ्याचे सगळे थर मिळून एकच उत्तर धर.