कॅटनमध्ये आपण हरतोय म्हणून दुसऱ्याला जिंकवणं चालतं का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

शनिवारी रात्री साडेबाराला आमच्या घरी कॅटनचा डाव संपला, आणि तेव्हापासून एका जुन्या मित्राशी माझं नीट बोलणं नाही. भांडण म्हणता येणार नाही, पण व्हॉट्सॅपवर नुसते अंगठे चालू आहेत. म्हणून इथे विचारतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. षटकोनी तुकड्यांचं एक बेट, तुकडे १९. वाळवंट सोडलं तर प्रत्येकावर एक आकडा. फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या तुकड्याला लागून तुमची वस्ती असेल तर तिथला माल तुमचा. लाकूड, वीट, मेंढी, गहू आणि ओअर, ज्याला आमच्यात सगळे दगडच म्हणतात. मालाचे पत्ते खर्चून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची. जो आधी १० गुण करेल तो जिंकला. पाचही माल कुणालाच पुरेसे मिळत नाहीत, त्यामुळे "एक वीट दे ना, दोन मेंढ्या घे" अशी घासाघीस रात्रभर चालते. खरी मजा त्यातच आहे.

आम्ही चौघं: मी, माझी बायको, मित्र आणि त्याची बायको. माझे ९ गुण. हातात लाकूड, वीट, मेंढी, गहू चारही पत्ते तयार, जागा मोकळी. माझी पाळी आली की वस्ती ठेवायची आणि दिवे मालवायचे. माझ्या आधी वहिनींची पाळी. त्यांचेही ९. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक मेंढी आहे. कोणी काही देतंय का?" मित्राचे ५ गुण, तो कुठेच नव्हता. त्याने एका मेंढीच्या बदल्यात तीन दगड आणि दोन गहू टेबलावर ठेवले. पाच पत्ते! एक वस्ती शहर करायला नेमकं तेवढंच लागतं. वहिनींनी शहर ठेवलं. १० गुण. डाव संपला.

त्याच पाच पत्त्यांत त्याचं स्वतःचं शहर झालं असतं. मग हा खेळ कसला? मी घरी बसून लग्नसंस्थेविरुद्ध खेळत होतो.

झणझणीत_मिसळ

पाच गुणांवाला म्हणजे अपक्ष आमदार हो. मुख्यमंत्री होणार नाही हे त्यालाही माहीत असतं, पण शेवटच्या रात्री सगळे त्याच्याच दारात असतात. तुम्ही ९ गुणांवर बसून त्याला काय देऊ केलंत? काहीच नाही. मग पाठिंबा कसा मिळणार?

नियमावली

नियमापुरतं सांगतो. कॅटनमध्ये पत्ते फुकट द्यायला बंदी आहे. एकाच मालाची आपसात अदलाबदलही चालत नाही, म्हणजे दोन मेंढ्या देऊन एक मेंढी घेता येत नाही. आणि सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच. इथे पाळी वहिनींची, माल वेगवेगळा, आणि एक मेंढी प्रत्यक्ष हातातून गेली. सौदा शंभर टक्के वैध.

पण फुकट देऊ नये हा नियम कशासाठी ठेवला आहे याचा विचार करा. त्या मेंढीची किंमत रजिस्ट्रारसमोर दाखवायच्या एक रुपयासारखी आहे. कायद्यात बसतं, बाकी सगळ्यांना सगळं कळतं. मी धागाकर्त्याच्या बाजूने.

काटदोरा

मी नवऱ्याला आजवर एक वीटसुद्धा स्वस्तात दिलेली नाही. लोक जोडप्यांवर संशय घेतात म्हणून आम्ही उलट जास्त कडक वागतो, आणि घरी जाताना गाडीत "त्या हरीशला दिलीस ना दोन गव्हात, मला चार मागितलेस" हे ऐकायला लागतं. जोडप्यांचा त्रास दोन्हीकडून असतो. तुमच्या वहिनींवर मात्र राग का? त्यांनी मेंढी आहे एवढंच सांगितलं.

मेंढीकोट_जिंदाबाद

मंडळी, मला या खेळांचं कौतुक कळत नाही. मागे एका मित्राकडे जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, त्याने हा एवढा डबा काढला (तीन हजार दिले म्हणाला, अभिमानाने) आणि नियम सांगायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं! मध्येच "नाही नाही, हे मी चुकीचं सांगितलं" म्हणून परत पहिल्यापासून. माझी बायको सोफ्यावर झोपली. पुठ्ठ्याचे तुकडे त्यांच्या साच्यातून सोडवून आम्हीच दिले, रुखवत मांडल्यासारखे.

मेंढीकोट पाच मिनिटांत शिकवता येतो. चौघं, तेरा-तेरा पत्ते, चारही दश्श्या आपल्याकडे आणल्या की कोट. आमच्याकडे दश्शीलाच मेंढी म्हणतात, तेव्हा मेंढीवरून घरं फुटायची परंपरा आपल्याकडे आधीपासून आहे. फरक एवढाच की आमचा भिडू समोरासमोर बसतो, सगळ्यांना दिसतो. तुमच्या खेळात तो घरून ठरवून येतो.

स्टुटगार्टची_साळुंकी

मेंढीकोट काका, नियम चाळीस मिनिटं सांगणारा माणूस वाईट आहे, खेळ नाही. कॅटनचा पहिला डाव अर्धे नियम सांगून सुरू करायचा, बाकीचे येतील तसे सांगायचे. माझ्या आईला मी असंच शिकवलं. तिसऱ्या पाळीला ती माझ्याकडून विटा उकळत होती.

मी ज्या शहरात राहते तिथल्याच प्रकाशकाने, कॉसमॉसने, १९९५ साली कॅटन बाजारात आणला. बनवणारा क्लाउस टॉयबर, व्यवसायाने दंत-तंत्रज्ञ. त्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' म्हणजे जर्मनीतला 'वर्षाचा खेळ' पुरस्कार मिळाला, आणि तो त्याचा चौथा होता! १९७९ पासून दरवर्षी हा पुरस्कार देतात आणि लोक त्याचा शिक्का बघून नाताळच्या खरेदीला खेळ घेतात, आपण दिवाळी अंक घेतो तसे.

आता मुद्द्याचं. आपण लहानपणी जो व्यापार खेळलो तो मोनोपॉलीचा भाऊ. मोनोपॉलीच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगीचा खेळ आहे, पेटंट १९०४ चं. जमीनमालक भाड्यावर गब्बर होतात आणि बाकीचे भिकेला लागतात हे लोकांना दाखवायला तिने तो केला होता. त्यामुळे व्यापारात दिवाळं निघालेलं भावंड बाहेर बसून रडायचं हे त्या खेळाला धरूनच होतं. जर्मन पठडीच्या खेळांनी नेमकं हे टाळलं. कॅटनमध्ये कोणी बाद होत नाही, शेवटपर्यंत सगळे टेबलावर.

पण त्याचीच किंमत तुम्ही शनिवारी मोजलीत. बाद न झालेला, जिंकण्याची आशा नसलेला, आणि हातात पाच पत्ते असलेला माणूस. त्याने काय करायचं? जागेवर बसून तुमची पाळी येण्याची वाट बघायची?

नियमावली

हो, वाट बघायची. किंवा स्वतःचं शहर बांधून सहा गुणांवर हरायचं. बुद्धिबळात हरताना आपण प्रतिस्पर्ध्याच्या शेजारच्या टेबलावरच्याला वजीर देत नाही.

स्टुटगार्टची_साळुंकी

बुद्धिबळ दोघांचं असतं हो. तिसरा माणूस बसला की राजकारण आलंच.

सम_विषम

सगळे सौद्यावर बोलताय, फाशांवर कोणीच नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यता. सात ६ वेळा, सहा आणि आठ प्रत्येकी ५ वेळा, दोन आणि बारा फक्त एकेकदा. हे कागदावर. एका डावात साठ-सत्तर वेळा फासे पडतात, आणि तेवढ्यात हिशेब सारखा होत नाही. मी आमच्या डावांची नोंद ठेवतो (हसा). एका डावात अकरा हा आकडा आठापेक्षा जास्त वेळा आला आणि अकरावर बसलेला नवशिका जिंकला. त्याला अजून वाटतं की तो हुशार आहे.

म्हणून म्हणतो, ज्या खेळात अर्धा निकाल फासे लावतात तिथे "माझा हक्काचा विजय" वगैरे म्हणू नये.

कोरा_कागद

मग मोक्षपटच खेळू. साप-शिडी, कोणाचाच दोष नाही.

साखरभात

आम्ही कॅटन बंद करून 'तिकीट टू राइड'वर आलो. २००४ चा खेळ, आगगाड्यांचा. घासाघीस नाही, सौदे नाहीत, प्रत्येकाची गुपित तिकिटं आणि नकाशावर आपापले डबे लावायचे. शांत वाटलं होतं. तिसऱ्या डावात सासूबाईंनी माझ्या एकमेव उरलेल्या एकेरी मार्गावर त्यांचे दोन डबे ठेवले. त्यांना तो मार्ग नको होता! "मला वाटलं तुला हवा असेल," हे त्यांचं स्पष्टीकरण. माझं सर्वांत लांबचं तिकीट अपुरं राहिलं, म्हणजे तेवढे गुण वजा. शांत खेळ नावाची वस्तू नाही.

निवांत_पाटील

मग एकत्र खेळायचा घ्या. 'पँडेमिक', २००८ चा. सगळे एका बाजूला, रोग दुसऱ्या बाजूला, नकाशात मुंबईही आहे. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे.

काटदोरा

पाटील, तो खेळलाय का तुम्ही माझ्या नवऱ्याबरोबर? तो सगळ्यांच्या चाली सांगतो. "तू दिल्लीला जा, तू पत्ता ठेव, तू काही करू नकोस." चार जण टेबलाशी, खेळणारा एक. त्यापेक्षा भांडलेलं बरं, निदान स्वतःचं तरी.

तीन_दगड_दोन_गहू

नवीन खातं काढलं आहे, कारण मीच तो मित्र. बायकोने लिंक पाठवली.

कागदा, तू सगळं बरोबर लिहिलंस, फक्त पहिला दीड तास गाळलास. आठाचा गहू माझा होता. चौथ्या-पाचव्या फेरीला माझे ४ होते, बाकी सगळ्यांचे ३. तेव्हा तू सात टाकून रॉबर माझ्या गव्हावर ठेवलास (खेळ माहीत नसलेल्यांसाठी: रॉबर म्हणजे चोराची सोंगटी, ती ज्या तुकड्यावर बसेल तिथला माल बंद). ठीक, मी पुढे होतो. मी नाइटचा पत्ता, म्हणजे रॉबर हलवायचा पत्ता, खेळून तो हलवला. तू पुन्हा तिथेच ठेवलास. तोवर तुझे ६ झाले होते आणि माझे अजून ४. मी पुन्हा हलवला, तू तिसऱ्यांदा ठेवलास आणि म्हणालास, "सवय झाली रे." सगळे हसले, मीही हसलो.

त्यानंतर मला आठावर एकदाही गहू मिळाला नाही. ते दोन गहू कसे आले माहीत आहे? चार मेंढ्या बँकेला देऊन एक. पुन्हा चार देऊन दुसरा. आठ मेंढ्या. म्हणून माझ्याकडे एकही उरली नव्हती आणि म्हणून तिच्याकडून एक घेतली.

ती माझी बायको नसती तरी दिले असते. तुझी बायको ९ वर असती तर तिलाही दिले असते.

सम_विषम

अरेच्चा! मागे पडलेल्या माणसावर तिसऱ्यांदा रॉबर? कागदराव, ही चाल कमकुवतच. ६ गुणांवर असताना तो वहिनींच्या दगडावर हवा होता. ते दगड थांबले असते तर त्या ९ पर्यंत आल्याच नसत्या.

नियमावली

धागाकर्त्याने पुरावा लपवला. माझं मत मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो.

झणझणीत_मिसळ

अपक्षाला आधी ईडीची नोटीस पाठवायची आणि मग पाठिंबा मागायचा. वा.

कोरा_कागद

"सवय झाली रे" हे मी म्हणालो होतो हे खरं विसरलो होतो. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा विचार नव्हता, हात आपोआप तिकडे गेला. तुझा आठ लाल रंगात मोठा दिसतो.

पण पाच पत्ते जास्तच होते. तीन दगड आणि एक गहू दिला असतास तरी निषेध पोचला असता.

तीन_दगड_दोन_गहू

एका गव्हात शहर होत नाही.

मेंढीकोट_जिंदाबाद

या शनिवारी पत्त्यांचा जोड घेऊन मीच येऊ का? दोघांना समोरासमोर भिडू बसवतो.

तीन_दगड_दोन_गहू

या काका. आठ वाजता, कागदाच्या घरी. आपली ओळख नाही, पण त्याला चालेल.