सायटिका झालाय, सोमवारच्या आत काहीतरी सांगा

घोडबंदरी
पंधरा दिवस झाले, कमरेतून पायात नसेची कळ, सायटिकाने जीव नकोसा केलाय. गोळ्या झाल्या, शेक झाला, बायकोने रगडून दिलं, फरक शून्य. सोमवारपासून ऐरोलीला ऑफिसला जावंच लागणार. 'डॉक्टरला दाखवा' प्लीज नको, ते झालंय.

काळी_मैना
मग डॉक्टर काय म्हणाले? कुठला पाय? कळ गुडघ्याखाली उतरते का मांडीतच राहते? वय? काहीच लिहिलं नाहीत की.

तळ्यावरचा काका
माझं सेम होतं २०१६ ला, कळव्याहून रोज बाईक. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून. १४ दिवस कटीबस्ती (कमरेवर कणकेचं कडं करून त्यात कोमट तेल ठेवतात) आणि निर्गुडीचं तेल, परत नाव नाही काढलं. आणि महिनाभर पडून राहा.

जिना_चढणारी
काका, पडून राहा सांगू नका हो, त्याने अजून आखडतं. झेपेल तेवढं चालायचं, थोडं थोडं. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत तसंही उतरतं, तेल लावा नाहीतर नका लावू.

तळ्यावरचा काका
तुम्हाला नसेल पटत, आमच्या कमरेला पटलं.

घोडबंदरी
भांडा नंतर. डावा पाय, वय ४१. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखं, खोकलं की जास्त. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, एक्सरे काढला, म्हणे मणक्यात गॅप आलाय.

काळी_मैना
हा गॅप सगळ्यांनाच येतो बघा आपल्याकडे! खरं तर मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजली की दोन मणक्यांतली जागा कमी होते, वाढत नाही. आणि एक्सरेत ना गादी दिसते ना नस, त्याला एमआरआय लागतो. बरेचदा शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक सरकून नसेच्या मुळावर दाबते, म्हणून खोकताना कळ मारते.

खड्डेमुक्त_ठाणे
बाईकवर जाता ना? घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात धडधाकट माणसाचे मणके हलतील. टॅक्स कशाला भरतो आपण? आणि पाकीट मागच्या खिशात ठेवता का?

घोडबंदरी
पाकिटाचा काय संबंध??

खड्डेमुक्त_ठाणे
कुल्ल्याच्या स्नायूखालून जाते ती सायटिकाची नस, जाड पाकिटावर तासन्‌तास बसलं की दाबली जाते. काढून बघा, पैसे पडत नाहीत.

घोडबंदरी
पाकीट काढलं. यूट्यूबवर बघून भुजंगासन पण केलं काल, पोटरीतलं कमी झालं पण कंबर जास्त दुखायला लागली, म्हणजे बिघडलं ना?

जिना_चढणारी
उलट चांगलंय ते. कळ पायातून वर कमरेकडे सरकली तर व्यायाम मानवतोय असं माझी फिजिओ म्हणायची. खाली उतरली तर थांबायचं. वाकून पायाला हात लावणं सध्या बंद.

घोडबंदरी
ओके. डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते, अंगठा वर होत नाही नीट, ते दुखण्यामुळेच असणार.

काळी_मैना
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! टाचांवर चालून बघा आत्ता. लघवी-संडासचा कंट्रोल ठीक? दोन मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिर वाटतंय?

घोडबंदरी
ते सगळं ठीक. टाचांवर उभा राहिलो तर डावा पंजा खाली पडतोय.

काळी_मैना
मग हे नुसतं दुखणं नाही, नस दबून पायाची ताकद जातेय. तेल, आसन सगळं राहू दे. सकाळीच मणक्याचं बघणाऱ्या ऑर्थोकडे नाहीतर न्यूरोकडे जा आणि पंजा पडतोय हे आधी सांगा. लघवी अडली किंवा बधिरपणा आला तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीत.

घोडबंदरी
जातो. सोमवारचं काय मग?

जिना_चढणारी
सोमवार कसला, साहेबांना फोन करा.

मोगरा_नेरुळ
माझी सकाळी उठल्यावर टाच दुखते, हा पण सायटिकाच का?