छापील नक्षीमुळे कारागीर आळशी झाले का?

ठिणगी:
मत टोकाचं वाटेल, पण मांडतोच. 15व्या-16व्या शतकात युरोपात नक्षीचे छापील कागद विकायला आले आणि कारागिरांची कल्पनाशक्ती आटली. जर्मनीत न्यूरेंबर्गचे बेहाम बंधू, झोस्टचा आल्डेग्रेव्हर यांनी वेलबुट्टी पत्र्यावर कोरून छापली, आल्डेग्रेव्हरने तर खंजिरांच्या म्यानांचे नमुनेही काढले. मग काय, ज्याला हवं त्याने उचलावं. फ्रान्समधल्या लिमोजचे मिनाकाम करणारे छापचित्रंच्या छापचित्रं ताटांवर उतरवायचे. याला कला म्हणायचं?

कोरीवकाम:
उतरवणं इतकं सोपं वाटतं? इटलीतल्या उर्बिनोचा शांतो आवेल्ली घ्या. 1530च्या आसपास मायोलिकाची, म्हणजे झिलई दिलेल्या मातीची ताटं रंगवायचा. इटालियन छापचित्रकार मार्कान्तोनियो राइमोंदीच्या एका छापातला योद्धा, दुसऱ्यातली बाई, तिसऱ्यातलं आणखी कुणी असं गोळा करून स्वतःचा वेगळाच प्रसंग उभा करायचा. गरज पडली तर बाईचा बाप्याही करायचा! ताटाच्या मागे विषय लिहून सही ठोकायचा. आणि ते रंगकाम कशावर? न भाजलेल्या, भुकटीसारख्या झिलईवर. कुंचला टेकला की रंग शोषला जातो, खोडायची सोय नाही. त्यात ताट खोलगट. छापील कागद समोर ठेवून बसा आणि दाखवा करून.

ठिणगी:
हात कसलेला होता, मान्य. मी डोक्याबद्दल बोलतोय.

जुना बाजार:
अहो, तुम्ही गंगा उलटी वाहवताय. हे कागद छापणारे होते कोण? शोनगाउअर सोनाराचा मुलगा. मेकेनेम स्वतः सोनार. ऑग्सबर्गचा डॅनिएल होप्फर चिलखतांवर आम्लाने नक्षी काढायचा, तीच युक्ती लोखंडी पत्र्यावर वापरून त्याने कागदावर छाप घेतले. नक्षी कारखान्यातूनच कागदावर गेली, ती परत कारखान्यात आली तर बिघडलं काय?

ठिणगी:
मेकेनेमची साक्ष काढताय? त्याच्या 600च्या वर छापचित्रांतली बहुतेक दुसऱ्यांच्या नकला. शोनगाउअरलाही सोडलं नाही!

कोरीवकाम:
त्या काळी नकलेचं कुणाला एवढं काही वाटत नसे. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो, मार्कान्तोनियोने जर्मन चित्रकार ड्यूररची चित्रं त्याच्या सहीच्या खुणेसकट छापली, तेव्हा ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे दाद मागितली. पदरात काय पडलं? खूण वापरू नको, एवढंच. चित्रं उतरवायला आडकाठी नाही.

ठिणगी:
कुणाला काही वाटत नसे, आणि ड्यूरर तक्रार घेऊन सरकारदरबारी गेला? आधी एक काय ते ठरवा.