मदत हवी आहे: घरातलं सामान कमी करायचंय, पण आईंचं मन न दुखावता

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला टू बीएचके मध्ये पाच जण राहतो आणि यंदा मनापासून ठरवलंय की लागतं तेवढंच घरात ठेवायचं, म्हणजे साफसफाईत जाणारा रविवार मुलांना देता येईल. माझे कपडे निम्मे केले, तुळशीबागेत उगाच जाणं बंद केलं, वाचून झालेली पुस्तकं अप्पा बळवंत चौकात देऊन आले, तिथपर्यंत सोप्पं होतं.

खरी अडचण माळ्यावर आहे. सासूबाईंची पितळी पातेली, घंगाळ, तांब्याचा बंब आणि ट्रंकभर सुती साड्या. त्या म्हणतात "लागेल गं कधीतरी", आणि त्यांनी एकेक वस्तू काटकसर करून घेतलीये, त्यामुळे मोडीत घालायला माझंही मन होत नाही. बोहारणीला साड्या द्यायच्या तर त्यांना अजिबात चालत नाही.

तर पुण्यात हाताने गोधडी शिवून देणाऱ्या कोणी ताई माहितीयेत का? साधारण किती साड्या लागतात आणि खर्च किती येतो? पितळी भांडी कल्हई करून रोज वापरणारं कोणी आहे का इथे, झेपतं का? आणि ज्यांनी घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन हे केलंय त्यांनी सुरुवात कशी केली ते प्लीज सविस्तर सांगा, दिवाळीच्या आत माळा आवरायचाय.