सोंगटी ‘फुंकणे’: मराठीत काय लिहावं?

मोरपंखी: मंडळी, एका फ्रेंच कथेचा अनुवाद करतेय. दोन म्हातारे चेकर्स (चौकटींच्या पटावर समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारून ती मारायचा खेळ) खेळत बसलेत. पहिल्याला समोरची सोंगटी मारता येत असते, पण त्याच्या ते ध्यानातच येत नाही, तो भलतीच चाल करतो. दुसरा शिक्षा म्हणून त्याची ती चुकार सोंगटी पटावरून उचलतो, तिच्यावर फुंकर मारतो आणि म्हणतो, ‘सुफ्ले ने पा झुए’. म्हणजे फुंकणं ही चाल नव्हे, माझी चाल अजून बाकीच आहे. मी ‘फुंकली’ असं लिहिलं होतं. संपादकांनी खोडून ‘जप्त केली’ केलं. ‘फुंकली’ वाचून लोकांना विडी आठवेल म्हणे.

खडूफळा: जप्त? खेळात तहसीलदार कुठून आले? ‘फुंकली’च ठेवा. बापजाद्यांची इस्टेट फुंकतात तशी सोंगटी फुंकली, अर्थ जवळपास तोच.

ओसरी: पण मुळात मारणं सक्तीचं असतं? आम्ही लहानपणी खेळायचो त्यात मारायचं की नाही ही आपली मर्जी.

तिरपी_चाल: ती मर्जी तुमच्या गल्लीची. इंग्लिश, रशियन, फ्रेंच, तिन्ही नियमांत मारावंच लागतं. फरक पुढे आहे. इंग्लिश-अमेरिकन खेळात दोन ठिकाणी मारता येत असेल तर कुठेही मारा. फ्रेंचांच्या शंभर घरांच्या पटावर (वीस-वीस सोंगट्या) जिकडे जास्त सोंगट्या पडतात तिकडेच जावं लागतं. इटलीत साध्या सोंगटीला राजा मारताच येत नाही. फुंकण्याचा नियम मात्र स्पर्धांतून केव्हाच गेला. आता पंच सांगतो, चाल मागे घ्या आणि मारा. ताई, तुमचे म्हातारे जुन्या वळणाचे दिसतात.

शुद्धमती: ‘सोंगटी’ हा शब्दच इथे चूक आहे. सोंगट्या सारीपाटाच्या, त्या फाशांवर चालतात. इथे फासे नाहीत. मोहरा म्हणा.

खडूफळा: ‘मोहरा’ फारसी आहे हो, शुद्धमती!

ओसरी: आणि कॅरमच्या चकत्यांना आपण काय म्हणतो? सोंगट्याच ना? तिथे कुठे फासे लागतात?

शुद्धमती: कॅरमवाल्यांनी चुकीचा वापरला म्हणून तो बरोबर होत नाही.

मोरपंखी: माझा प्रश्न फुंकण्याचा होता. पण विषय निघालाच आहे तर दुसरी अडचणही सांगते. सोंगटी पलीकडच्या टोकाला पोचली की फ्रेंचमध्ये ती ‘दाम’ होते, म्हणजे बाईसाहेब. इंग्रजीत त्याचाच किंग. मी राजा लिहू की राणी?

तिरपी_चाल: नियम बघून ठरवा. इंग्लिश राजा कुठल्याही दिशेने तिरपा जातो, पण एकेकच घर, बुद्धिबळातल्या राजासारखा. त्याला राजा शोभतं. फ्रेंच दाम कर्णावर रिकामी घरं असतील तितकी लांब जाते आणि लांबूनच मारते. तिला राजा म्हटलं तर मराठी वाचक घरं मोजत बसेल. ती चालते बुद्धिबळातल्या उंटासारखी, पण उंट लिहिलंत तर कथेचा विचका होईल.

नदीकाठ: वजीर लिहा. रशियनमध्ये गंमतच आहे. बुद्धिबळातल्या आपल्या वजिराला ते ‘फेर्झ’ म्हणतात, तो फारसी ‘फर्झीन’, म्हणजे वजीरच. आणि चेकर्समधल्या बढती मिळालेल्या सोंगटीला ‘दाम्का’. शिवाय त्यांच्याकडे मारता मारता शेवटच्या ओळीत पोचलं की जागच्या जागी दाम्का व्हायचं आणि तशीच पुढे मारत सुटायचं. फ्रेंच नियमात मारण्याच्या ओघात टोकाला शिवून परत आलात तर बढती नाही, तिथे चाल संपायला हवी. आणि फुंकण्याला रशियन शब्द ‘फुक’! आपल्या ‘फू’शी किती जवळचा.

शुद्धमती: ‘दाम’ तर उघड संस्कृत आहे. दमन करते ती दाम.

नदीकाठ: नाही हो. ‘दाम’ आला लॅटिन ‘डोमिना’वरून, घरची मालकीण. त्यामागे ‘डोमुस’, म्हणजे घर. त्याचा भाऊबंद वैदिक ‘दम’, तोही घर याच अर्थाचा, ‘दंपती’त शिल्लक राहिलेला. नातं आहे, पण दमनाशी नाही.

शुद्धमती: म्हणजे संस्कृतशी नातं आहे. तेच म्हणत होते मी.

खडूफळा: 😄

मांडवीकाठ: आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ते या खेळाला ‘दामश’च म्हणत. गोव्यातल्या जुन्या माणसांना ‘दाम’ समजावून सांगावं लागणार नाही. तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

ओसरी: ‘पट्टराणी’ कशी वाटते? पटावरची राणी.

मोरपंखी: ओसरी, हे झकास आहे! पण विनोदी वाटेल. त्या प्रसंगात म्हातारा हरतोय.

शुद्धमती: पट्टराणीतला ‘पट्ट’ वेगळा, पटाचा त्याच्याशी संबंध नाही.

खडूफळा: झालं, आता पुढची दहा उत्तरं पट्टावर.

तिरपी_चाल: त्यापेक्षा तुर्की प्रकार बघा. तिथे तिरपं जायचंच नाही. सोंगट्या सरळ पुढे नाहीतर बाजूला सरकतात. शिवाय ओळीने मारताना पडलेली सोंगटी लगेच उचलायची, त्यामुळे मधेच नवी वाट मोकळी होते. फ्रेंच नियमात अख्खी चाल संपेपर्यंत मेलेल्या सोंगट्या पटावरच राहतात, आणि त्यांच्यावरून दुसऱ्यांदा उडी मारता येत नाही.

ओसरी: तुर्की पट इकडे कुठे मिळतो?

तिरपी_चाल: वेगळा लागत नाही, बुद्धिबळाचा चालेल, रंगांकडे दुर्लक्ष करा. प्रत्येकी सोळा सोंगट्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मांडायच्या, पहिली रिकामी. कॅरमच्या एका संचात नऊ-नऊच असतात, दोन संच लागतील.

शुद्धमती: सोंगट्या नव्हे. मोहरे.